पाहुणे, एक शनिवार आणि अख्खं शिकागो: यादीतून काय काय कापू?

निवांत_नेपरव्हिल

मंडळी, जरा घाईत आहे, सल्ला हवाय.

पुण्याचा कॉलेजचा मित्र, त्याची बायको, नऊ वर्षांची लेक आणि मित्राची आई असे चौघं येत्या शुक्रवारी रात्री आमच्याकडे येताहेत. रविवारी सकाळी त्यांचं पुढचं विमान. म्हणजे शिकागोसाठी हातात उरला एक शनिवार. मित्राने व्हॉट्सॲपवर यादी धाडली आहे, ती जशीच्या तशी चिकटवतो:

बीन (ते चकचकीत स्टीलचं शिल्प), विलिस टॉवर, हॅनकॉक, बोट टूर, नेव्ही पियर, आर्ट इन्स्टिट्यूट (विवेकानंदांसाठी), शेड ॲक्वेरियम, फील्ड म्युझियमचा डायनोसॉर, बकिंगहॅम कारंजं, लिंकन पार्क झू, डीप डिश पिझ्झा, मिशिगन ॲव्हेन्यूवर खरेदी, डेव्हन (देशी दुकानांचा रस्ता) आणि "वेळ उरलाच तर" लेमॉन्टचं देऊळ.

काकूंचे गुडघे दुखतात. सपाटीवर हळूहळू चालतात, जिना मात्र नको म्हणतात. मुलीला डायनोसॉर सोडून जगात कशातच रस नाही. मित्राला फोटो हवेत. वहिनी म्हणतात "तुम्ही न्याल तिथे येऊ", म्हणजे काय ते तुम्ही जाणताच.

माझ्या मते यातलं निम्म्याहून जास्त सरळ उडवावं. पण यावरून आमच्याच घरात दोन तट पडलेत. बायको म्हणते, माणसं एवढ्या लांबून येताहेत, पुन्हा कधी येतील कोण जाणे, तर गाडीतून का होईना सगळं डोळ्यांखालून घाल. मला ते पटत नाही. "ते बघ डावीकडे... गेलं!" याला शहर दाखवणं म्हणत नाहीत.

तर बोला. काय ठेवू, काय कापू?

---

मोरपीस

लेमॉन्ट कापा. एक गेलं, तेरा राहिली. :)

---

बोकोबा

यादी वाचूनच माझ्या पायात गोळे आले. मित्राला विचारा, त्याने गावातल्या गावात तरी एका दिवसात चौदा ठिकाणं केलीयेत का?

---

सायलीची_आई

आमच्याकडे मे ते सप्टेंबर कोणी ना कोणी असतंच, त्यामुळे या विषयात हक्काने बोलते.

डोळे मिटून ठेवायची ती नदीवरची आर्किटेक्चर बोट. दीड तास सगळे बसलेले. ज्येनांना (ज्येष्ठ नागरिकांना) चालायचं नाही, गाइड बोलत असतो त्यामुळे तुम्हाला घसा कोरडा करायचा नाही, आणि फोटोवाल्याला दोन्ही काठांवर इमारतीच इमारती. विलिसपासून मरीना सिटीच्या त्या मक्याच्या कणसांसारख्या जोड इमारतींपर्यंत सगळं एकाच फेरीत येतं. फक्त सकाळची पहिली-दुसरी फेरी घ्या. वरच्या डेकवर सावली नसते आणि दुपारी तिथे अक्षरशः भाजून निघतो. काकूंना टोपी किंवा स्कार्फ द्या. शिवाय एक पातळ जाकीट, कारण लेक मिशिगनकडे, म्हणजे आपल्या तळ्याकडे, वळलं की वारा एकदम गार होतो. इथल्या हवामानाच्या बातम्यांत "कूलर बाय द लेक" हे पालुपद उगाच नसतं.

शनिवारचं तिकीट आधी काढून ठेवा. तिथे जाऊन बघू म्हणालात तर दुपारची फेरी मिळेल आणि अख्ख्या दिवसाचं वेळापत्रक कोलमडेल.

माझा हिशोब असा: एक गोष्ट बसून बघायची, एक चालत बघायची, एक पोरांसाठी. चौथी सुचली की समजायचं आपण दमलोय आणि डोकं चालत नाहीये.

---

काडीपेटी

विलिस की हॅनकॉक?

(काडी टाकून पळालो. पॉपकॉर्न घेऊन बसतो.)

---

शिकागोचा_शिंदे

हॅनकॉक. यात चर्चा कसली? ९४व्या मजल्यावरून एका बाजूला तळं, खाली ओक स्ट्रीटचा किनारा आणि दुसरीकडे सगळं डाउनटाउन दिसतं. विलिसवरून काय दिसतं? हॅनकॉक. आणि खूप सारं सपाट इलिनॉय.

---

पंचम_निषाद

शिंदे, पण नाव कशाचं होतं? पुण्यातल्या माणसाला "जगातली सगळ्यात उंच इमारत होती ती" हे सांगायचं असतं. विलिस १,४५१ फूट आहे आणि १९९८ पर्यंत जगात पहिल्या नंबरावर होती. शिवाय १०३व्या मजल्यावरची ती काचेची पेटी, पायाखाली थेट रस्ता. पोरं वेडी होतात.

---

शिकागोचा_शिंदे

त्या पेटीत उभं राहायला रांग केवढी असते ते पण सांगा. पेटीत मिनिटभर, रांगेत तासभर. काकूंनी तो तास कुठे काढायचा?

---

बोकोबा

आमच्या वेळी हॅनकॉकच्या ९६व्या मजल्यावरच्या लाउंजमध्ये जायचं, एक कॉफी घ्यायची आणि तिकिटाचे पैसे वाचवायचे. ही युक्ती आम्ही पिढ्यानपिढ्या पाहुण्यांना शिकवली. २०२३ मध्ये ते बंद झालं. तेव्हापासून हॅनकॉकशी आमचं काही देणंघेणं नाही.

---

मोरपीस

बोकोबा, +१. ती जागा गेल्याचं दुःख अख्ख्या मिडवेस्टातल्या मराठी माणसांना आहे. त्या लाउंजच्या लेडीज टॉयलेटमधून शहराचा सगळ्यात भारी नजारा दिसायचा. तो नवऱ्यांना कधी बघता आला नाही, तेवढंच समाधान.

---

कमान

व्यवसायाने आर्किटेक्ट आहे, त्यामुळे या भांडणात राहवत नाही.

दोन्ही इमारतींचा स्ट्रक्चरल इंजिनियर एकच, फझलुर रहमान खान. जन्म ढाक्याचा. हॅनकॉक १९६९ ची, तिच्या बाहेरच्या अंगावर जे मोठाले फुल्यांचे X दिसतात तोच तिचा कणा आहे, वाऱ्याचा जोर ते पेलतात. विलिसमध्ये त्याने नऊ चौकोनी नळ्या एकत्र बांधल्या आणि वर जाताना वेगवेगळ्या उंचीवर एकेक थांबवत नेल्या. म्हणून ती पायऱ्यापायऱ्यांची दिसते आणि अगदी वर फक्त दोन नळ्या पोचतात. हे सगळं कळतं ते खालून बघताना. वर गेलात की नेमकी तीच इमारत दिसत नाही!

तेव्हा एका दिवसात दोन्ही टॉवर कापा. बोटीतून दिसतात तेवढ्या पुरेत. विलिसच्या पायथ्याशी, जॅक्सन आणि फ्रँकलिनच्या कोपऱ्यावर, खान यांच्या नावाची रस्त्याची पाटी आहे. मित्राला फोटो हवाच असेल तर तो तिथे काढा, फुकट आहे.

---

काडीपेटी

कमान यांनी काडीवर पाणी ओतलं. निषेध.

---

वाचनमात्र_होते

पहिल्यांदाच लिहितेय. कोणी वहिनींची, म्हणजे धागाकर्त्याच्या सौभाग्यवतींची, बाजू घेतच नाहीये म्हणून लॉगइन केलं.

मागच्या वर्षी माझे बाबा आले होते, व्हीलचेअरवर. आम्ही मारे ठरवून बीनला नेलं. गर्दी इतकी की त्यांना समोर फक्त लोकांच्या पाठी दिसत होत्या. मग संध्याकाळी सहज घरी जाताना लेक शोर ड्राइव्हने दक्षिणेकडून उत्तरेकडे आलो. उजवीकडे तळं, समोर सगळे टॉवर, काचा खाली. बाबा म्हणाले, "पुन्हा एकदा मागे फिरव." आम्ही फिरवली गाडी. त्यांना शिकागो म्हटलं की तेवढंच आठवतं.

गाडीतून दाखवणं म्हणजे दाखवणं नव्हे असं सरसकट म्हणू नका. गाडीतून काय दाखवायचं ते कळलं पाहिजे, इतकंच. लूपमध्ये, म्हणजे ऐन डाउनटाउनात, सिग्नलला अडकून मान वर करून दाखवण्यात अर्थ नाही. लेक शोर ड्राइव्हवर आहे.

---

निवांत_नेपरव्हिल

वाचनमात्र, हा प्रतिसाद बायकोला वाचून दाखवायची मला काहीच गरज नव्हती. तिने आधीच वाचलाय. तुम्हाला जेवायला बोलावलंय.

बोटीचं तिकीट काढलं, सकाळी दहाचं. टॉवर दोन्ही कापले, मित्राला अजून सांगितलेलं नाही.

आता प्रश्न गाडी की ट्रेन?

---

शिकागोचा_शिंदे

ट्रेन. शनिवारी उन्हाळ्यात डाउनटाउनला गाडी नेणं म्हणजे आपणहून संकट ओढवून घेणं. एका गॅरेजवाल्याने (नाव घेत नाही) आमच्याकडून बाहेरच्या पाटीवर लिहिलेल्या दराच्या दुप्पट घेतले. कारण काय, तर "इव्हेंट रेट". इव्हेंट कुठला ते त्यालाही माहीत नव्हतं. आणि चुकून लोअर वॅकरला शिरलात तर जीपीएस हात टेकतं. रस्त्याखाली रस्ता, त्याच्याखाली अजून एक. एकदा आत गेलेला माणूस कुठे उगवेल सांगता येत नाही.

नेपरव्हिलहून मेट्रा (उपनगरी रेल्वे) थेट युनियन स्टेशनला. वीकेंडला गाड्या कमी असतात, परतीची वेळ आधीच बघून ठेवा.

---

सायलीची_आई

आणि युनियन स्टेशनला उतरल्या उतरल्या पळू नका. मोठ्या हॉलमध्ये पाच मिनिटं बसा. लांबलचक लाकडी बाकं आहेत, वर काचेचं छत. स्टेशन १९२५ चं. काकूंची विश्रांतीही होते आणि फोटोही होतात.

---

नदीष्ट

युनियन स्टेशनपासून मिशिगन ॲव्हेन्यूच्या पुलाकडे जायला टॅक्सी करू नका. मॅडिसन स्ट्रीटच्या पुलापाशी वॉटर टॅक्सीचा धक्का आहे. ती नदीतूनच मिशिगन ॲव्हेन्यूला सोडते. उन्हाळ्यापुरती असते आणि वेळा बदलत राहतात, तेव्हा वेळापत्रक बघा.

परत येताना ब्राउन लाइन, म्हणजे पुलावरून धावणारी शहरातली ट्रेन. मर्चंडाइज मार्टला चढलात की ती सगळ्या लूपला वळसा घालते, दुसऱ्या मजल्याच्या खिडक्यांच्या उंचीवरून. तो लोखंडी सांगाडा १८९७ पासून उभा आहे. मुलीला पहिल्या डब्यात अगदी पुढच्या खिडकीपाशी उभं करा, डायनोसॉर विसरेल. वॉशिंग्टन-वॉबॅशला उतरा, तिथे लिफ्ट आहे. ॲडम्स-वॉबॅशला उतरू नका, तिथे काकूंना जिनाच उतरावा लागेल.

---

बोकोबा

नऊ वर्षांची मुलगी डायनोसॉर विसरेल? नदीष्ट, तुम्हाला मुलं नाहीत ना?

---

नदीष्ट

नाहीत. :D

---

दादरकर_आजोबा

नमस्कार. मी लेकीकडे शाँबर्गला सहा महिन्यांसाठी आलो आहे. "ज्येना" म्हणून ज्यांचा उल्लेख वर चालला आहे त्यांच्या वतीने दोन शब्द.

आम्हाला चालायला लावलं तरी चालतं, बसायला जागा कुठे आहे ते आधी सांगा. आणि स्वच्छतागृह. तुम्ही तरुण मंडळी यादीत ही दोन ठिकाणं कधीच लिहीत नाही. बीनच्या समोर रस्ता ओलांडला की कल्चरल सेंटर आहे. प्रवेश विनामूल्य. आत बसायला जागा, स्वच्छतागृह, लिफ्ट, आणि वर टिफनीच्या काचेचा घुमट, ३८ फूट व्यासाचा. पूर्वी ही शहराची सार्वजनिक लायब्ररी होती. मी तिथे वर्तमानपत्र घेऊन दोन तास बसलो होतो. जावई आणि लेक बीनपाशी स्वतःचं प्रतिबिंब शोधत होते.

त्या काकूंना तिथे न्या. आमच्या वयाला बीन पाच मिनिटांत कळतो.

---

मोरपीस

आजोबा, दंडवत. तुमचा प्रतिसाद या धाग्याच्या डोक्यावर चिकटवला पाहिजे.

---

पंचम_निषाद

बीनबद्दल एक. त्याचं खरं नाव क्लाउड गेट. तो घडवणारा शिल्पकार अनीश कपूर मूळचा मुंबईचा, हे सांगितलं की पाहुणे एकदम आपुलकीने बघायला लागतात. स्टेनलेस स्टीलचे १६८ पत्रे जोडलेत आणि सांधा कुठेही सापडत नाही. मुलीला सांधा शोधायचं काम द्या, तेवढीच शांतता.

आणि ज्याच्यावर आपण सगळे उभे असतो ते मिलेनियम पार्क म्हणजे मुळात एक प्रचंड गच्ची आहे. खाली पार्किंग आणि रेल्वेचे रूळ.

---

चिमणराव_२

अवांतर, पण विवेकानंदांचं काय? यादीतलं तेवढंच एक खरं कारण दिसतंय आणि त्यावर कोणी बोलत नाही. फुलर्टन हॉलमध्ये जाऊन नमस्कार करून या. तिथेच "अमेरिकेतल्या माझ्या भगिनींनो आणि बंधूंनो" म्हणाले होते.

---

कमान

चिमणराव, थोडी दुरुस्ती. ११ सप्टेंबर १८९३ चं भाषण याच इमारतीच्या जागेत झालं, पण हॉल ऑफ कोलंबस नावाच्या तात्पुरत्या सभागृहात. इमारत नवीकोरी होती, म्युझियम अजून थाटायचं होतं, म्हणून आधी तिथे परिषदा भरल्या. फुलर्टन हॉल त्यानंतर काही वर्षांनी बांधला. त्याच्याजवळ स्मृतिफलक आहे, त्यामुळे बहुतेकांना तोच हॉल वाटतो.

२०१० साली मुंबईच्याच जितीश कल्लट या कलाकाराने तिथल्या मोठ्या जिन्याच्या पायऱ्यांवर ते अख्खं भाषण दिव्यांच्या अक्षरांत मांडलं होतं. अमेरिकन सरकार दहशतवादाच्या धोक्याच्या पातळ्या दाखवायला जे पाच रंग वापरायचं, त्याच रंगांत. तारीख तीच, ११ सप्टेंबर. मी तो जिना चढलोय. पायाखाली भाषण आणि डोक्यात दुसरंच काहीतरी, असं होतं ते. आता नाही ते तिथे.

---

चिमणराव_२

माहितीबद्दल आभार. नमस्कार तरीही करावा.

---

कमान

जरूर. पण आत जायचं तर किमान तीन तास हवेत. अर्ध्या तासात आर्ट इन्स्टिट्यूट करण्यापेक्षा बाहेरच्या ब्रॉन्झच्या सिंहांपाशी थांबा. समोरच्या मिशिगन ॲव्हेन्यूच्या त्या तुकड्याला स्वामी विवेकानंद वे असं मानाचं नाव दिलेलं आहे, पाटी दिसेल.

---

काडीपेटी

बरं, डीप डिश हा पिझ्झा आहे की नाही?

---

शिकागोचा_शिंदे

आहे.

---

पंचम_निषाद

नाही.

---

बोकोबा

चीज आणि टोमॅटोचा काला आहे. चविष्ट काला. पण भाजायला पाऊण तास लागतो आणि खाल्ल्यावर पुढचे दोन तास माणूस उठत नाही. तेव्हा दुपारी अजिबात नको. दुपारी चालायचं असेल तर दशम्या आणि बटाट्याची सुकी भाजी. ग्रँट पार्कच्या झाडाखाली बसून. वहिनी आणि काकू दोघीही मनातून हेच म्हणत असतील, पण पाहुणे म्हणून बोलणार नाहीत.

---

सायलीची_आई

बोकोबांशी शंभर टक्के सहमत. पाहुणे आठवडाभर प्रवासात असतात, पोट घरच्या अन्नाला आसुसलेलं असतं. डीप डिश हवाच तर संध्याकाळी नेपरव्हिलमध्येच मागवा. तिथेही मिळतो, पार्किंग फुकट आणि खाऊन थेट गादी.

---

निवांत_नेपरव्हिल

मंडळी, जवळजवळ ठरलं. मसुदा असा:

सकाळची मेट्रा, युनियन स्टेशनचा हॉल, दहाची बोट, ब्राउन लाइन, बीन, आजोबांचं कल्चरल सेंटर, डबा, सिंह आणि पाटी, मग दुपारी फील्ड म्युझियम पाच वाजता बंद होईपर्यंत. बायको सकाळी येणार नाही. ती म्हणते, "बीनला मी इतक्या पाहुण्यांबरोबर भेटलेय की आता तो मला ओळखतो." ती पाचला गाडी घेऊन फील्डच्या दाराशी, तिथून लेक शोर ड्राइव्हने वर आणि मग घर. दोन्ही तटांचं समाधान.

नेव्ही पियर, शेड, झू, खरेदी, डेव्हन, लेमॉन्ट, दोन्ही टॉवर: कापले. मित्राला मसुदा पाठवला. उत्तर आलं, "आणि टॉवर??"

---

शिकागोचा_शिंदे

त्याला खानसाहेबांच्या पाटीचा फोटो पाठवा.

---

नदीष्ट

मसुद्यात सुधारणा. ब्राउन लाइनला जाताना मिशिगन ॲव्हेन्यूच्या पुलापाशी ट्रिब्यून टॉवर लागेल. खालच्या भिंतीत जगभरातल्या वास्तूंचे दगड बसवलेत, प्रत्येकाखाली नाव. ताजमहालचाही तुकडा आहे. पुण्याहून आलेल्या माणसाने शिकागोत ताजमहालला हात लावून फोटो काढायचा, याहून भारी काय?

---

मोरपीस

नदीष्ट, पंधरावं ठिकाण घातलंत. शाब्बास.

---

निवांत_नेपरव्हिल

काल पार पडलं. पाहुणे आज सकाळी गेले. वृत्तांत द्यायलाच हवा, नाहीतर शिंदे झोपू देणार नाहीत.

वॉटर टॅक्सी आमच्या वेळेला नव्हती, त्यामुळे धक्क्यापर्यंत टॅक्सीच केली. बोट सगळ्यात आवडली, यावर चौघांचं एकमत. काकूंना गाइडने सांगितलेल्या एका गोष्टीने पकडून ठेवलं. नदी आधी तळ्यात जायची, शहराचा मैला तळ्यात, आणि पिण्याचं पाणीही तळ्यातूनच. म्हणून १९०० मध्ये कालवा खणून नदीचा प्रवाह उलटा केला. बाकी सगळे टाळ्या वाजवत होते आणि काकू मला मराठीत विचारतात, "मग ती घाण गेली कुठे? खालच्या गावांनी काय केलं?" मी गाइडला विचारलं. तो हसला, "गुड क्वेश्चन" म्हणाला आणि पुढच्या इमारतीवर गेला.

तळं बघून काकू बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "समुद्र आहे तर वास कसा नाही?" गोडं पाणी आहे म्हटल्यावर त्यांना ते खरंच वाटेना. बकिंगहॅमजवळच्या काठावर हात बुडवून चाखून बघायला निघाल्या होत्या, वहिनींनी थांबवलं.

बीनपाशी तुडुंब गर्दी. मित्राचे फोटो झाले, काकू आणि मी कल्चरल सेंटरला. आजोबा, त्यांनी तुम्हाला नमस्कार सांगितलाय. मुलीला बीनपेक्षा क्राउन फाउंटनमधले ते पाण्याची गुळणी टाकणारे भलेमोठे चेहरे आवडले. ती कपड्यांसकट त्यात शिरली आणि दुसरे कपडे घेण्याची बुद्धी आमच्यापैकी कोणालाच झालेली नव्हती. फील्डला जाईपर्यंत उन्हानेच वाळली.

फील्डमध्ये तिने आम्हाला शिकवलं. सू नावाचा टी-रेक्स आहे ना, ४० फुटी सांगाडा, त्याच्यासमोर सगळे फोटो काढत होते. ही म्हणाली, "डोकं खोटं आहे. खरं डोकं जड आहे म्हणून वेगळ्या पेटीत ठेवतात." आणि आम्हाला ओढत त्या पेटीकडे घेऊन गेली. तिथे कवटीच्या जबड्यातली भोकं दाखवून ती कशामुळे पडली असतील यावर शास्त्रज्ञांचं अजून जमलेलं नाही, हेही सांगितलं. तिचं वय नऊ आहे. मी तिथे याआधी कितीतरी पाहुण्यांना नेलंय, पेटी कधी बघितली नव्हती.

लेक शोर ड्राइव्हला बायकोने विचारलं, "परत एकदा फिरवू?" सगळे हो म्हणाले. मित्र टॉवरबद्दल काही बोलला नाही. रात्री डीप डिश खाल्ल्यावर म्हणाला, "वर गेलो असतो तर बरं झालं असतं." वहिनी म्हणाल्या, "मी नसते आले." त्यांचं संपूर्ण दिवसातलं पहिलं स्पष्ट मत.

---

पंचम_निषाद

वहिनी की जय.

---

दादरकर_आजोबा

काकूंना माझाही नमस्कार कळवा. प्रश्न फार योग्य विचारला त्यांनी. उत्तर कोणाला ठाऊक आहे का?

---

नदीष्ट

आजोबा, माझ्या आवडीचा विषय.

खालच्या गावांनी खटला भरला. कालवा डेस प्लेन्स नदीला मिळतो, ती इलिनॉय नदीला आणि ती पुढे मिसिसिपीला. मिसिसिपीच्या काठी सेंट लुइस, त्यांचं पिण्याचं पाणी तिथलंच. मिझुरीवाले कोर्टातून मनाई आणतील या धास्तीने शिकागोवाल्यांनी जानेवारी १९०० मध्ये थंडीतच घाईघाईने कालवा उघडला. मिझुरी विरुद्ध इलिनॉय हा दावा थेट सुप्रीम कोर्टात गेला आणि १९०६ मध्ये निकाल शिकागोच्या बाजूने लागला. शिकागोच्या घाणीमुळेच सेंट लुइसमध्ये टायफॉइड होतो हे मिझुरीला सिद्ध करता आलं नाही. मिझुरीची स्वतःची गावंही त्याच नदीत मैला सोडत होती, हेही आड आलं.

नदी आणि तळं यांच्या मध्ये नेव्ही पियरजवळ आजही दरवाजे आहेत, बोटींसाठी उघडझाप करतात.

---

बोकोबा

वरच्या गावाने पाणी सोडलं, खालच्या गावाने कोर्टात जायचं. एकदम घरी आल्यासारखं वाटलं.

---

काडीपेटी

म्हणजे सेंट लुइसवाल्या मायबोलीकरांनो, आता तुमची पाळी. बोला.

---

मिसूरीची_मावशी

बोलते. सेंट लुइसची कमान ६३० फूट उंच आहे, आत लिफ्टसारख्या कुप्या आहेत, आणि वर चढायला तुमच्यासारखं दीड तास भांडावं लागत नाही. पुढच्या वेळी त्या काकूंना इकडे पाठवा. पाणी आता स्वच्छ आहे.

---

वाचनमात्र_होते

धागाकर्ते, जेवणाचं निमंत्रण अजून आहे का?

आणि जाणकारांनो, माझी आतेबहीण डिसेंबरात येतेय, तिच्याकडेही एकच दिवस आहे. बोट बंद, कारंजं बंद, तळ्याकाठी उभं राहवत नाही. तेव्हा काय दाखवायचं?

---

सायलीची_आई

आर्ट इन्स्टिट्यूट, या वेळी पूर्ण दिवस. कोणते वार बंद असतं ते बघून जा. कंटाळा आला तर डेली प्लाझाचा ख्रिसमस बाजार, आणि एका इमारतीतून दुसरीत जायला जमिनीखालचे पेडवे आहेत. बूट चांगले घाला म्हणावं.

---

निवांत_नेपरव्हिल

निमंत्रण आहे. शनिवारी या. बायको म्हणतेय येताना लेक शोर ड्राइव्हने या, लांब पडलं तरी.